नलावड्यांचा बस्ता

"अण्णा, तो पेढा खाली ठेवा."

"प्रसाद आहे."

"सकाळपासूनचा तिसरा प्रसाद आहे."

"तीन घरांतला आहे. दोघांचा घ्यायचा आणि तिसऱ्याला नाही म्हणायचं, हे बरं दिसतं का?"

पेढा तोंडात गेला. मार्गशीर्षातला गुरुवार होता. बायका घरोघरी पूजेत गुंतलेल्या, त्यामुळे बार्शीच्या आमच्या साड्यांच्या दुकानात फारशी वर्दळ नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, गादीवर, मी शेजारी हिशोबाच्या टेबलापाशी. पाचच्या सुमाराला देशमुखांच्या थोरल्या सूनबाई परकर बदलून घ्यायला आल्या.

"या या पाटलीणबाई," अण्णा म्हणाले. "भाऊंचा गुडघा कसा आहे?"

"अण्णा, मी देशमुखांची. आणि आमच्याकडे गुडघा कुणाचाच दुखत नाही."

"चांगलं आहे मग," अण्णा अगदी मनापासून म्हणाले. सूनबाई हसत सुटल्या. बावीस वर्षं त्या आमच्याकडे येत होत्या आणि बावीस वर्षं अण्णा त्यांना पाटलीणबाई म्हणत होते.

सात वाजता अण्णांनी चपला पायात सरकवल्या. "येवल्याचा गठ्ठा उद्या फोडू," म्हणाले आणि गल्लीच्या तोंडाशी कुणाशी तरी नुसती मान हलवून बोलत उभे राहिलेले मला दिसले.

सकाळी सहाला आईचा फोन आला. अण्णा झोपेतच गेले होते.

तेव्हापासून मला त्यांचं म्हातारपण आठवत नाही. आठवतो तो एकच दिवस, आणि त्या दिवशी मी त्यांना त्यांच्याच दुकानातून उठवायला निघाले होते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुण्याहून व्यवस्थापनाचा कोर्स करून नुकतीच परतले होते. आमच्या दुकानाच्या बरोबर समोर, जिथे पूर्वी पेंडीची वखार होती तिथे, तीन मजली शोरूम उभं राहिलं होतं. काचेचं दार, दारात गुलाबपाणी शिंपडणारी मुलगी, आत गोड बोलणारे आठ सेल्समन. आमचं दुकान चालायचं ते बस्त्यांवर. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी गाडी करून यायची, दिवसभर बैठकीवर मांडी घालून बसायची आणि नवरीच्या शालूपासून मानपानाच्या शेवटच्या साडीपर्यंत सगळी खरेदी एका दुकानातून बांधून न्यायची. आदल्या वर्षी असे अठरा बस्ते आमच्याकडे झाले होते. शोरूम उघडल्यावर पाच.

कोर्समध्ये शिकवलं होतं की धंदा घसरला की मालकाच्या उणिवा शोधाव्यात. मी शोधल्या. चेहरे लक्षात राहत नाहीत. नावं तर मुळीच नाहीत. गिऱ्हाईक आलं की स्वतःहून बोलत नाहीत. मालाची तारीफ करत नाहीत. गिऱ्हाईक उठून चाललं तरी थांबवत नाहीत. अशा अकरा उणिवा मी सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि दुपारच्या निवांत वेळी अण्णांच्या हातात कागद दिला.

त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "बारावी राहिली," म्हणाले. "उन्हाळ्यात दोन ते तीन डोळा लागतो."

"मी गंमत करत नाही, अण्णा."

"मीही नाही. खरंच लागतो."

मग मी माझी अट सांगितली. सीझनचा पहिला मोठा बस्ता येईल, तो त्यांनी मी शिकवीन तसा पार पाडायचा. जमलं तर उत्तम. नाही जमलं, तर गादीवर मी बसेन आणि त्यांनी आतल्या खोलीत माल लावायचं काम बघावं. सतराव्या वर्षी आजोबांनी त्यांना त्या गादीवर बसवलं होतं. मी ही अट घातली तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते.

अण्णांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "बरं," म्हणाले.

"बापाला शाळेत घालणारी पहिलीच लेक बघितली," आई म्हणाली. पण शिकवणीत गिऱ्हाईक व्हायला तीच तयार झाली. रोज दुपारी जेवणं झाली की ती डोक्यावर पदर घेऊन दुकानाची पायरी चढायची.

"या या वहिनी," अण्णा भिंतीकडे बघून म्हणायचे. "आपलंच दुकान आहे."

"आपलंच आहे तर पैसे कशाला मागता?"

"आई!"

"अगं, गिऱ्हाईक असं बोलतं. शिकू दे की त्यांना."

"हा रंग तुम्हाला फार खुलेल," अण्णा पाठ केल्यासारखं पुढे रेटायचे. "वय दहा वर्षांनी कमी दिसेल."

"लग्नाला तीस वर्षं झाली, हे वाक्य आज ऐकते आहे," आई म्हणायची. "तेही लेकीनं लिहून दिलेलं."

अण्णा लाजायचे. पण तीन आठवड्यांत वाक्यं पाठ झाली. आरशासमोर त्यांना हातवारे करताना मी पाहिलं आणि मला माझ्या शिक्षणाचं चीज झाल्यासारखं वाटलं.

पहिला मोठा बस्ता आला तो नलावड्यांचा. मुलगा पांगरीच्या नलावड्यांचा, मुलगी वैरागच्या गव्हाण्यांची, सुवर्णा नावाची. एक जीप, एक टेम्पो, सव्वीस माणसं. मी आदल्या दिवशी चौकशी करून ठेवली होती. मुलाकडची सगळी सूत्रं त्याच्या आत्याच्या हातात. तिचं नाव हौसाक्का. विधवा, पोटी मूलबाळ नाही, भावाचा संसार तिनेच उभा केलेला. ती हो म्हणाली तर बस्ता झाला.

"अण्णा, पहिला चहा मुलाकडच्यांना," मी बजावलं. "मुलाच्या आईला पहिला कप. वरमाई म्हणून हाक मारा. नथ घातलेली असेल, त्यावरून ओळखा."

"नथ," अण्णा म्हणाले. "वरमाई. पहिला कप."

झालं असं की मुलाची आई अगदी साधी बाई होती. सुती लुगडं, हातात दोन काचेच्या बांगड्या. आणि मुलीची मावशी सोलापुरात दिलेली, ती बस्त्याला म्हणून नथ, ठुशी, सगळं घालून आली होती.

अण्णा ट्रे घेऊन सरळ तिच्यासमोर गेले. "या वरमाई," खणखणीत आवाजात म्हणाले. "पहिला मान तुमचा."

मावशीने कप घेतला. घेतल्यावर तिला कळलं, पण तोवर घोट घेऊन झाला होता. मुलाच्या आईने मान खाली घातली.

"सोयरीक मोडली का काय रं वाटंत?" हौसाक्का भावाकडे वळून म्हणाली. "वरमाई बदललेली दिसती."

अण्णा घाबरले. घाबरले तसे त्यांना पुढचं पाठ केलेलं वाक्य आठवलं. समोरची जांभळी साडी उचलून त्यांनी ती हौसाक्कासमोर धरली.

"हा रंग तुम्हाला फार खुलेल. वय दहा वर्षांनी कमी दिसेल."

"कमी दिसून काय करू?" हौसाक्का म्हणाली. "मला परत उजवायची हाय का तुमाला?"

पोरी तोंडावर पदर धरून हसल्या, पण हौसाक्का हसली नाही. तिने चपला शोधायला पाय खाली सोडले. रस्त्यापलीकडे काचेचं दार चकाकत होतं.

मी अण्णांच्या हातातली साडी काढून घेतली. "तुम्ही आत बसा," हळू आवाजात म्हणाले. "मी बघते."

ते माझ्याकडे बघत क्षणभर उभे राहिले. मग आतल्या खोलीत गेले.

मी हौसाक्काच्या पाया पडले, मुलाच्या आईला स्वतः चहा दिला, माफी मागितली, सगळं मार्गी लावलं. आणि मग मी बोलायला लागले. रेशीम किती अस्सल, जरीकाम कुठलं, विणकर कुठले, सध्या चलती कशाची. बोलण्यात माझा कुणी हात धरला नसता. दोन तास मी बोलले. सत्तर-ऐंशी शालू उलगडले. पहिली साडी पसंत झाल्यावर तिला हळदीकुंकू लावायचं, मग पुढची खरेदी, अशी रीत. हळदीकुंकवाचं तबक तसंच पडून होतं, कारण पहिली साडीच ठरेना.

नवरीचा शालू मुलाकडच्यांनी घ्यायचा असतो. मुलाच्या आईला मोतिया हवा होता. हौसाक्काला डाळिंबी. नथवाल्या मावशीचं म्हणणं होतं की आमची पोर सावळी आहे, तिला दोन्ही शोभणार नाहीत. सावळी म्हटल्याबरोबर मुलीची आई मावशीवर उखडली.

"तुला कोणता आवडतो गं?" मी सुवर्णाला विचारलं.

"कोणतापण," ती म्हणाली.

"तिला काय इचारता? नेसायचाय एक दिस," हौसाक्का म्हणाली. "डाळिंबी काढा."

"डाळिंबी आमच्या थोरलीला घेतला होता, वर्षात सासू वारली," मुलीची आई म्हणाली.

"मंजी? मी मरन म्हनता?"

"तुमी कुठं सासू हाय?"

हे बोलायला नको होतं. मुलीच्या आईलाही ते कळलं. हौसाक्काने चपला पायात घातल्या. "उठा सगळी," म्हणाली. "समोर जाऊ. हितं बसून डोकं उठलं माझं. ही पोरगी तर रेडिवोवानी बोलतीया, मिनिटभर इचार करू देत न्हाई."

मंडळी उठायला लागली. मी आणखी जोरात बोलायला लागले, कारण मला दुसरं काही येत नव्हतं.

तेवढ्यात अण्णा बाहेर आले. कुणाकडे न बघता ते बैठकीच्या मधोमध, उलगडलेल्या शालूंच्या ढिगापाशी बसले आणि घड्या घालायला लागले. गिऱ्हाईक चाललं की माल आवरायचा, एवढंच ते करत होते. उलगडलेला जड शालू एकट्याने नीट घडी होत नाही. दोन माणसं लागतात. एरवी दुसरं टोक मी धरायची, पण मी दाराशी वाट अडवून उभी होते. अण्णांनी शालूचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं, जवळ जे माणूस उभं होतं त्याच्यापुढे केलं.

ते माणूस हौसाक्का होती.

तिने टोक धरलं. जन्मभर घरात चादरी, गोधड्या, लुगडी घडी केलेल्या बाईच्या हातात कापडाचं टोक आलं की ती ते धरते, विचार करत नाही. दोघांनी शालू ताणला, झटकला, काठाला काठ लावला. ती दोन पावलं पुढे आली, टोकं त्यांच्या हातात दिली. त्यांनी दुसरा शालू उचलला. टोक पुन्हा तिच्यापुढे आलं.

"आरं, मी जायला निघालीया," ती म्हणाली. पण टोक धरलं.

तिसऱ्या शालूला तिने चपला काढल्या. चपला घालून रेशमाला हात लावणं तिलाच बरं वाटलं नसावं.

चौथ्याला अण्णांनी टोक मुलाच्या आईला दिलं. मग मुलीच्या आईला. मग दोघी विहिणींना एकमेकींसमोर उभं करून स्वतः बाजूला झाले. घडी घालताना भांडता येत नाही. काठ जुळवायचा तर समोरच्या बाईच्या हाताकडे बघावं लागतं, तिच्याबरोबर पुढे यावं लागतं. "जरा तुमच्या बाजूनं वर घ्या." "आता बराबर हाय." पोरीही उठल्या. सव्वीस माणसांतल्या चौदा बायका माझ्या दुकानात, खरं म्हणजे माझ्या बापाच्या दुकानात, साड्यांच्या घड्या घालत होत्या आणि त्यांच्यात पांगरीच्या पाण्याच्या, वैरागच्या जत्रेच्या, कुणाच्या तरी पळून गेलेल्या म्हशीच्या गप्पा सुरू झाल्या होत्या.

मी गप्प होते. दोन तासांत पहिल्यांदा.

अण्णा घड्या घेत होते आणि रचत होते. मला वाटलं, एकच चळत आहे. नीट बघितलं तर त्यांनी तीन शालू मांडीशी वेगळे ठेवले होते. थोड्या वेळाने दोनच राहिले. मग एक.

ढीग संपला. अण्णांनी तो एक शालू दोन्ही हातांनी उचलून सुवर्णाच्या पुढ्यात ठेवला. चिंतामणी निळ्या रंगाचा होता, बारीक बुट्टीचा. मी तो सगळ्यांत आधी दाखवला होता आणि तेव्हा त्याच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं, कारण बघेपर्यंत मी दुसरा उलगडला होता.

"ह्यो कुणी सांगितला?" हौसाक्का म्हणाली.

"पोरीनं," अण्णा म्हणाले.

"ती कवा बोलली?"

"बोलली नाही. घडी घातल्यावर दोनदा हात फिरवला. बाकीच्यांवर नाही फिरवला."

सुवर्णा लाजून लाल झाली. हात मागे घेतला, जणू काही चोरी सापडली.

"वैनींनीपण," अण्णा मुलाच्या आईकडे बोट दाखवून म्हणाले. "आणि तुम्ही तर हा घडी करायला सगळ्यांत जास्त वेळ लावला. तीनदा काठ सोडून पुन्हा जुळवला."

"मी?"

"जुळलेलाच होता."

हौसाक्का कमरेवर हात ठेवून अण्णांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता संपलं.

"मेल्या दुकानदारा," ती म्हणाली, "तोंडानं मुका आन् डोळ्यानं चोर हाईस की रं तू!"

आणि हसली. अशी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिचं बघून विहिणी हसल्या, मावशी हसली, नथ सावरत. हसू ओसरल्यावर हौसाक्काने सुवर्णाचा हात धरून त्या शालूवर ठेवला.

"आवडला का? खरं सांग. माझ्या लग्नात मला कुणी इचारलं न्हवतं."

"आवडला," सुवर्णा म्हणाली. सकाळपासून तिचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला.

हळदीकुंकू लागलं. बस्ता संध्याकाळी पाचपर्यंत चालला. अण्णा त्यापुढे मोजून दहा वाक्यं बोलले असतील, आणि नथवाल्या मावशीला जाताना पुन्हा एकदा वरमाई म्हणाले. कुणी रागावलं नाही. टेम्पोत बसताना हौसाक्काने हाळी दिली, "धाकट्याचं ठरलं की हितंच येनार! पर त्या रेडिवोला बारीक करून ठिवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नेहमीप्रमाणे माझ्याआधी दुकानात पोचले होते. मी आले तेव्हा ते गादीपाशी उभे होते. चष्म्याचं घर, सुपारीचा डबा, कात्री, सगळं आपलं सामान त्यांनी एका पिशवीत भरलं होतं. अट होती की बस्ता मी शिकवलं तसा पार पाडायचा. तसा तो पडला नव्हता. अण्णा शब्दाचे पक्के होते.

"मग," त्यांनी विचारलं, "मी कुठं बसू?"

टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

मी चोवीस वर्षांची होते, हुशार होते, आणि काल दिवसभरात मला जे दिसलं होतं ते शब्दांत सांगायची मला लाज वाटत होती. मी म्हणाले, "गादीचा अभ्रा मळलाय. धुवायला टाकते. तोवर बसा कुठंही."

दुपारी धुतलेला अभ्रा चढवला. ते येऊन बसले. विषय तिथे संपला.

त्या आठवड्यात मी सत्तारभाईंना कामावर घेतलं. त्यांना अख्ख्या तालुक्याची नावं, नाती आणि भांडणं तोंडपाठ होती. दाराशी ते बोलायचे. हिशोब, खरेदी, जाहिरात मी बघायची. अण्णांना मी पुन्हा कधी काही शिकवलं नाही. उलट, बस्ता आला की मी मुद्दाम पन्नासेक शालू उलगडून ठेवायची आणि बाजूला व्हायची. त्या सीझनला बावीस बस्ते झाले. समोरच्या शोरूमने पाच वर्षांनी मजले भाड्याने दिले, पण ते त्यांच्या कारणाने असेल. अण्णांच्या अकराच्या अकरा उणिवा शेवटपर्यंत जशाच्या तशा होत्या.

फक्त एक होतं. त्या दिवसानंतर रोज सकाळी, गादीवर बसण्याआधी, अण्णा क्षणभर थांबायचे. माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायची किंवा नुसती हसायची, मग ते बसायचे. मी ती त्यांची सवय समजत होते, प्रश्न नाही. बावीस वर्षं.

अण्णा गेल्यावर तेराव्यापर्यंत घरी माणसांची रीघ होती. बाजारपेठेतले एक जुने व्यापारी सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा देवमाणूस, पण व्यवहार तुझा, वृंदा. दुकान सावरलं ते तूच." आई माझ्याकडे बघत होती. मी होकाराची मान हलवली.

चौदाव्या दिवशी दुकान उघडलं. सत्तारभाईंनी झाडून घेतलं, दिवा लावला. देशमुखांपैकीच कुणाचा तरी बस्ता अकराला येणार होता. सत्तारभाई बैठकीवरची चादर ताणत होते. ताणता ताणता थांबले.

"ताई," त्यांनी खाली बघूनच विचारलं, "गादीवर तुम्ही बसणार ना आता?"

मी रिकाम्या गादीसमोर उभी होते. रस्त्यावर भाजीवाल्या ओरडत होत्या, रिक्षा अडल्या होत्या, कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं. चांगला भर बाजार होता. हळू बोलले असते तर मलाच ऐकू आलं नसतं, म्हणून मी मोठ्याने बोलले.

"अण्णा, मी चुकले होते. बस्ता तुम्ही केलात, मी बिघडवला होता. तुम्ही विचारलंत, मी कुठं बसू. इथंच बसा, अण्णा. मी शेजारी बसते आणि तुमच्याकडून शिकते."